ट्राम म्हणायचं नाही, मेट्रोही नाही

"टॅक्सीनेच जाऊ या," बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

"टॅक्सी कशाला? हलक्या रेल्वेने बावीस मिनिटं. वेळापत्रक मी स्वतः पाहिलंय."

"कशाने?"

"हलक्या रेल्वेने."

"म्हणजे ट्रामनेच ना?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. ज्या माणसाने तीन महिने खपून शहरातल्या वाहतुकीच्या नावांचा घोळ निस्तरला होता, त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोने, परिपत्रक लागू व्हायच्या दिवशीच हा शब्द तोंडातून काढावा! पण आज तिला बोलायची सोय नव्हती. अकरा वाजता तिची मुलाखत होती, शाळेच्या ग्रंथपालाच्या जागेसाठी. मुलं मोठी होईपर्यंत तिने घर सांभाळलं आणि मग तीन वर्षं घरी बसून परीक्षा दिल्या. आधीच्या दोन मुलाखतींत 'कळवू' म्हणाले आणि कोणी काही कळवलं नाही. पुढच्या महिन्यात तिचं वय नियमाच्या बाहेर जात होतं. म्हणजे ही शेवटची संधी, आणि दोघांनाही ते पुरतं माहीत होतं.

"माझ्यावर विश्वास ठेव," ते म्हणाले. तिने ठेवला. पुढे जे झालं त्याला सुरुवात इथूनच झाली म्हणायची.

ते शहराच्या वाहतूक कचेरीत माहिती कक्षाचे उपप्रमुख होते. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'व्याख्यासाहेब' म्हणत, आणि हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना रागाऐवजी बरंच वाटलं होतं. रस्त्यावरून धावते, लाल दिवा लागला की मोटारींबरोबर थांबते ती ट्राम. जिचे रूळ कोणाच्याही वाटेत येत नाहीत आणि जिच्या वाटेत कोणी येत नाही ती मेट्रो. गावाबाहेर जाऊन संध्याकाळी माणसं परत आणते ती उपनगरी. एकाच तुळईवर बसून जाते ती मोनोरेल. हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असे, आणि एकदा भाचीच्या वाढदिवसाला त्यांनी ते कोणी न विचारताच सांगितलं होतं.

अडचण होती ती त्यांच्या स्वतःच्या शहरातल्या गाडीची. ती अर्धी वाट रस्त्यावरून जायची, मध्येच उतारावरून जमिनीखाली शिरायची, चार स्टेशनं बोगद्यात करायची आणि नदीपलीकडे पुन्हा रस्त्यावर यायची. म्हातारी माणसं तिला ट्राम म्हणत, कॉलेजातली मुलं मेट्रो म्हणत, आणि त्यांच्या सासूबाई नुसतंच 'ती रुळावरची' म्हणत. व्याख्यासाहेबांच्या जिवाला हे लागून राहिलं होतं. शेवटी प्रमुख साहेब रजेवर गेलेले पाहून त्यांनी स्वतःच्या सहीने परिपत्रक काढलं. 'सदर सेवेचा उल्लेख यापुढे हलकी रेल्वे असाच करावा. ट्राम व मेट्रो हे शब्द कर्मचाऱ्यांनी लेखी अथवा तोंडी, कोणत्याही कारणास्तव वापरू नयेत.' यातलं 'कोणत्याही कारणास्तव' त्यांनी मागाहून घातलं होतं. त्याने वाक्याला वजन आलं, असं त्यांचं मत होतं.

हरकतीही मागवल्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या फलकावर पंधरा दिवस सूचना लावली होती. एकही हरकत आली नाही. चालक मंडळी तळमजल्यावरूनच कामाला जातात आणि चौथ्या मजल्यावर त्यांचं काहीच काम नसतं, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांची गाडी वेळेवर आली. थांब्यावरच्या नव्या पाटीकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं. बायकोने प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसली. समोर एक नळकाम करणारा दादा नवंकोरं वॉशबेसिन मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी छडीवर दोन्ही हात ठेवून एक आजोबा. पुढे चालकबाईंची काचेची केबिन होती. दार उकाड्यामुळे अर्धवट उघडं होतं.

सव्वादहाला गाडी उतारावरून खाली आली आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबली.

"थांबते इथे नेहमी," ते बायकोला म्हणाले. "अर्धं मिनिट."

पाच मिनिटं झाली. केबिनमधून रेडिओची खरखर ऐकू येत होती.

"हलकी रेल्वे," चालकबाई म्हणाल्या.

"ते कळलं हो ताई," नियंत्रण कक्षातला आवाज म्हणाला. "पण हलकी रेल्वे म्हणजे वरची का खालची?"

"ते परिपत्रकात दिलेलं नाही."

"मग मी हिरवा कशावर देऊ?"

"ते तुम्ही बघा. मला लेखी आलंय."

नळवाल्या दादाने मान लांब करून विचारलं, "काय झालं हो ताई?"

चालकबाई वळल्या. भरल्या घरात पाहुण्यांना अडचण समजावून सांगावी तशा शांतपणे त्यांनी सगळं सांगितलं. रस्त्यावर गाडी डोळ्यांनी चालवायची, पुढे माणूस दिसला की थांबायचं. बोगद्यात गाडी दिव्यांनी चालवायची, डोळ्यांवर जायचं नाही. दोन्हीचे नियम वेगळे. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी थांबून चालकाने रेडिओवर 'मेट्रो' म्हणायचं, म्हणजे आता मी दिव्यांवर आले. नियंत्रणाने 'मेट्रो, मान्य' म्हणायचं आणि हिरवा द्यायचा. बाहेर पडताना 'ट्राम'. एकोणीस वर्षं हे असंच चाललेलं होतं.

"आणि आज दहा वाजल्यापासून दोन्ही शब्द बंद," चालकबाई म्हणाल्या, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी मोठ्याने वाचला. 'कोणत्याही कारणास्तव' त्यांनी जरा दमाने वाचलं.

व्याख्यासाहेबांना कानांच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. चालक असं काही म्हणतात हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत ते केबिनमध्ये एकदाही गेले नव्हते.

"अहो, मग 'आत जातेय' म्हणा ना," दादा म्हणाला.

"ठरलेले शब्द दोनच. तिसरा म्हटला आणि समोरून गाडी आली, तर शेकणार कोणावर? माझ्यावर. मागच्या वर्षी परिपत्रक मोडलं म्हणून दोघांना घरी बसवलंय. आता ज्याने सही केली त्यानेच हे मागे घ्यायचं. शोधतायत त्याला."

"कोण हा शहाणा?" आजोबांनी छडी आपटून विचारलं.

व्याख्यासाहेब उठणार होते. खरोखर उठणार होते, एक पाय त्यांनी पुढे घेतलाही होता. पण तेवढ्यात दादा म्हणाला, "असल्या माणसाला या बेसिनात बुडवला पाहिजे," आणि सगळा डबा हसला. त्या हसण्यात उठून उभं राहणं त्यांना जमलं नाही. हसू ओसरलं की सांगू, असं त्यांनी ठरवलं.

खिशात फोन थरथरला. नियंत्रण कक्षाचाच असणार. त्यांनी तो खिशातल्या खिशातच बटण दाबून कापला.

"फोन उचलत नाहीये तो," रेडिओतून आवाज आला.

"झोपला असेल," आजोबा म्हणाले. "अशा लोकांना सकाळ कुठे असते?"

पुन्हा फोन थरथरला. त्यांनी पुन्हा कापला. आता प्रकरण विचित्र झालं होतं. पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर माणसाकडून चूक झाली एवढंच ठरलं असतं. आता दोन फोन कापल्यावर सांगायचं तर ते फोनही सांगावे लागणार होते. चौथ्या फोननंतर त्यांनी मोबाईल पुरता बंदच करून टाकला.

"फोन बंद केला त्याने!" चालकबाईंनी डब्याला बातमी दिली.

"पळाला!" दादा म्हणाला.

दहा पस्तीस झाले. मागे पाच गाड्या लागल्या होत्या. पाचवीचं शेपूट मोठ्या चौकात राहिलं होतं, त्यामुळे बस अडकल्या, बसमागे टॅक्स्या अडकल्या, आणि चौकातला पोलीस कोणाला शिट्टी मारावी या विचारात उभा असल्याचं रेडिओवरून कळलं. टॅक्सीने गेलो असतो तरी त्याच चौकात अडकलो असतो, असा एक हलका विचार व्याख्यासाहेबांच्या मनात येऊन गेला आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. बायको घड्याळाकडे बघत नव्हती. ती फाईलच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत होती, आणि हे घड्याळाकडे बघण्यापेक्षा वाईट होतं.

"इथे उतरता येणार नाही का हो?" तिने चालकबाईंना विचारलं.

"दोन्ही बाजूंना भिंत आहे ताई. थांबा नसताना दार उघडायची परवानगी नाही. घाई आहे का?"

"थोडी."

आजोबा व्याख्यासाहेबांकडे वळले. "तुम्ही काहीच बोलत नाही ते! तुम्ही कुठे असता नोकरीला?"

डब्यातली डोकी वळली.

"मी... छपाईत," व्याख्यासाहेब म्हणाले.

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं.

"मग तुम्हाला कळेल," आजोबा म्हणाले. "तुमच्याकडे असलेच कागद छापायला येत असतील. काय वाटतं तुम्हाला या माणसाबद्दल?"

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त काम करतो. "बेजबाबदार," ते म्हणाले. मग तेवढ्याने कोणाचं समाधान झालेलं दिसेना म्हणून म्हणाले, "अत्यंत बेजबाबदार. अशा लोकांमुळेच खात्याचं नाव खराब होतं."

"बरोबर बोललात," दादा म्हणाला. स्वतःच्या निंदेला एवढी दाद त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. त्यांनी खाली बघायला सुरुवात केली. बुटांची लेस सुटली होती. ती बांधायला वाकावं तर वाकलेलाच राहावंसं वाटेल, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.

रेडिओ पुन्हा खरखरला. चालकबाईंनी कान लावून ऐकलं आणि या खेपेला त्या उठून दारातच आल्या.

"त्याच्या घरी माणूस पाठवला होता. घराला कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, बायकोची मुलाखत आहे, तिला घेऊन दहाच्या गाडीने गेलेत." त्या थांबल्या. "म्हणजे तो गाडीतच आहे. या नाहीतर मागच्या."

प्रत्येकजण प्रत्येकाकडे बघू लागला. एकट्या आलेल्या माणसांना एकटं असल्याचा पहिल्यांदाच आनंद झाला. ज्यांच्याबरोबर बायका होत्या, ते जरा सरकून बसले. मग आजोबांची नजर इस्त्रीच्या कपड्यांवरून मांडीवरच्या फाईलवर आली आणि तिथेच थांबली.

"बाई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही कुठे निघालात?"

दहा पन्नास झाले होते. व्याख्यासाहेब बायकोकडे बघू लागले. आता ती सांगेल, आणि सांगावंच तिने. तीन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या पसरून तिने जे मिळवलं होतं ते या उतारावर निसटत होतं. तिने एक बोट जरी त्यांच्याकडे केलं असतं तरी ते न्यायाचंच झालं असतं.

"मी?" ती म्हणाली. "लायब्ररीत. पुस्तक बदलायला."

आणि तिने फाईल उलटी करून मांडीवर ठेवली.

आयुष्यात तिला खोटं बोलताना त्यांनी ऐकलेलं नव्हतं. साधं 'घरी नाहीत म्हणून सांग' म्हटलं तरी ती फोन त्यांच्याच हातात द्यायची. आणि आज ती भर डब्यात, चाळीस माणसांसमोर, स्वतःची मुलाखत पालथी घालून त्यांची अब्रू झाकत होती. आत्तापर्यंत त्यांना लोकांची लाज वाटत होती. आता जी वाटली तिच्यात लोक नव्हतेच.

ते उठले.

"मी आहे तो," ते म्हणाले.

"तुम्ही छपाईतले ना?" आजोबांनी विचारलं.

"नाही. मी तो आहे. सही माझी आहे."

डब्यातले लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. दादाने फक्त बेसिन छातीशी धरलं आणि त्यांना जायला वाट करून दिली.

चालकबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि रेडिओचा माईक त्यांच्या हातात ठेवला.

"हॅलो," ते पुटपुटले. "मी बोलतोय."

"मी कोण? नाव, हुद्दा सांगा. आणि मोठ्याने बोला, सहाही गाड्या ऐकतायत."

त्यांनी नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. परिपत्रकाचा क्रमांक त्यांना पाठ होता, तोही सांगितला.

"मागे घेण्याचं कारण?"

"कारण..." त्यांनी काचेतून बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं. आत दिव्यांची रांग होती, सगळे लाल. इतक्या जवळून त्यांनी ते कधी बघितलेच नव्हते. "कारण, ही गाडी कशी चालते ते मला माहीत नव्हतं."



"बरं," आवाज म्हणाला. "मग आता गाडीला म्हणायचं काय?"

"आधी म्हणत होता तेच म्हणा."

चालकबाईंनी माईक परत घेतला. "मेट्रो," त्या म्हणाल्या, आणि हा शब्द कोणी इतक्या सुखाने उच्चारलेला व्याख्यासाहेबांनी ऐकला नव्हता.

"मेट्रो, मान्य."

हिरवा लागला. गाडी हलली. ते परत जागेकडे आले तेव्हा दादाने बेसिन एका मांडीवर घेऊन शेजारची जागा झटकली आणि म्हणाला, "बसा साहेब." तो चिडून बोलला असता तर त्यांना बसता आलं असतं. ते नदीपलीकडे जाईपर्यंत दांडा धरून उभेच राहिले. बोगद्यातून बाहेर पडताना चालकबाईंनी 'ट्राम' म्हटलं, तेव्हा डब्यातल्या चार-पाच जणांनी आपणहून 'मान्य' म्हटलं.

थांब्यापासून शाळेपर्यंत दोघं जवळजवळ धावत गेली. सुटलेल्या लेसवर त्यांचा दोनदा पाय पडला.

"कधी कळलं तुला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"त्या बाईंनी कागद वाचला तेव्हाच. 'कोणत्याही कारणास्तव' दुसरं कोण लिहिणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? सही तुमची होती. तुम्ही कधी उठताय ते बघत होते."

"पण तुझी मुलाखत..."

"तीही बघत होते," ती म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मुलाखतीच्या खोलीबाहेर टेबल टाकून चष्मा लावलेल्या एक लेखनिकबाई बसल्या होत्या. बायकोने नाव सांगितलं. लेखनिकबाईंनी यादीवर बोट फिरवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ओठ आवळले.

"तुमची वेळ होऊन गेली. पण शेवटच्या उमेदवार आत आहेत अजून. हा उशिराचा अर्ज भरा. कारण पटलं तर आत घेतील, नाही पटलं तर माझ्या हातात नाही."

बायकोने पेन घेतलं. मग ते तिने व्याख्यासाहेबांपुढे धरलं.

"तुम्ही लिहा," ती म्हणाली. "तुम्हाला नेमका शब्द लागतो."

आवाजात टोमणा शोधावा तर तो तिथे नव्हता. ती नुसती दमली होती. त्यांनी पेन घेतलं. 'विलंबाचे कारण' या शब्दांपुढे जेमतेम बोटभर चौकट होती.

"एवढ्याशा जागेत?"

"एक शब्द मावतो," लेखनिकबाई म्हणाल्या. "बाकीचे लोक मावेल तेवढंच लिहितात."

व्याख्यासाहेब टेबलावर वाकले. 'वाहतूक' लिहावं, असं प्रथम मनात आलं. पण वाहतुकीचा काही दोष नव्हता. ती एकोणीस वर्षं व्यवस्थित चालली होती. 'तांत्रिक' लिहावं तर यंत्र एकही बिघडलं नव्हतं. 'परिपत्रक' जवळपास बरोबर होतं, पण कागद आपला आपण निघत नाही आणि फोनही आपला आपण कापला जात नाही. घडलेल्या प्रकाराला पूर्णपणे लागू पडेल, दुसऱ्या कशाशी गल्लत होणार नाही, आणि वाचणाऱ्याला खुलासा विचारावा लागणार नाही, असा एकच शब्द हवा होता. बावीस वर्षं ते हेच काम करत आले होते. अक्षर चांगलं आलं.

लेखनिकबाईंनी अर्ज स्वतःकडे फिरवून घेतला.

'नवरा.'

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून व्याख्यासाहेबांकडे पाहिलं. घामाने चिकटलेला शर्ट पाहिला, सुटलेली लेस पाहिली. मग अर्ज घेऊन त्या आत गेल्या. आतून तीन बायका एकदम हसल्याचं ऐकू आलं, आणि हसणं बराच वेळ थांबेना.

लेखनिकबाई बाहेर आल्या.

"चला, आत बोलावलंय," त्या बायकोला म्हणाल्या. "कारण मान्य."